मिनी सारखी आडवी होते! बेसमध्ये वजन घालण्याबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फोंड्याला आमच्या बलकांवात (घरापुढच्या ओसरीत) शनिवारी संध्याकाळी खेळाचं टेबल लागतं. नवा भिडू दुसऱ्या-तिसऱ्या शनिवारी हमखास विचारतो, "ही पडते का सारखी?" मग फोनवर विचारणारे वेगळेच. पुन्हा पुन्हा आलेले प्रश्न इथे एका जागी लिहिलेत. एकच उत्तर दोनदा दिलेलं नाही. दुसरीकडे सांगितलं असेल तर त्या प्रश्नाचा आकडा दिलाय.

१. मिनी म्हणजे नक्की काय, आणि तिला वजन लागतंच कशाला?

पटावरच्या लढाईच्या किंवा साहसाच्या खेळात तुमचं पात्र म्हणून उभी राहते ती छोटी मूर्ती म्हणजे मिनिएचर. बोलताना मिनी. आमच्याकडच्या बहुतेक मिनी २८ ते ३२ मिलिमीटर मापाच्या, म्हणजे मधल्या बोटाच्या निम्म्याहून थोड्या कमी. तिच्या पायाखालची चकती म्हणजे बेस. पूर्वी मिनी धातूच्या ओतीव असत, हातात घेतल्या की जाणवत. आता बहुतेक पॉलिस्टायरीन प्लास्टिकच्या. त्याची घनता १.०५, म्हणजे पाण्याहून जेमतेम जास्त. बेसखालचा भाग पोकळ, आणि वर भाला, झेंडा, पंख. अशी तीन ग्रॅमची वस्तू पंखा पाचावर असलेल्या खोलीत उभी राहावी ही अपेक्षाच जरा जास्त आहे.

समई आठवा. वर तेलाने भरलेली वाटी, त्यावर मोर, आणि तरी ती हलत नाही, कारण खालची बैठक रुंद आणि जड. चांगल्या बुद्धिबळाच्या सोंगट्यांनाही तळाशी वजन घातलेलं असतं आणि खाली फेल्ट (मऊ जाड कापड) चिकटवलेलं. आपल्याला तेच करायचंय, फक्त जागा दोन-तीन मिलिमीटरची आहे.

२. किती वजन घालावं? नेमकं ग्रॅममध्ये सांगा.

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच, आणि यात थोडी गफलत आहे. किती घातलंत यापेक्षा कुठे घातलंत याला महत्त्व. वस्तू कधी पडते? तिचा गुरुत्वमध्य बेसच्या कडेच्या बाहेर गेला की. म्हणजे दोनच गोष्टी बघायच्या: गुरुत्वमध्य किती उंचावर आहे आणि कड त्याच्यापासून किती लांब आहे.

एक हिशेब करून दाखवतो. २५ मिलिमीटरचा गोल बेस, म्हणजे मध्यापासून कड १२.५ वर. मिनी बेससकट ३ ग्रॅम, गुरुत्वमध्य १८ मिलिमीटर उंच. ती साधारण ३५ अंश कलली की गेली. आता बेसखाली साडेतीन ग्रॅमचा लोखंडी वायसर (बोल्टखाली घालतात ती भोकाची चकती) चिकटवा, टेबलापासून २ मिलिमीटरवर. दोघांचा मिळून गुरुत्वमध्य साडेनऊ मिलिमीटरच्या जरा आतच येतो, आणि मिनी ५३ अंशांपर्यंत कलूनही परत उभी राहते. बोटाने तिला हळूहळू कलवून सोडून बघा, फरक डोळ्यांना दिसतो.

आता आणखी साडेतीन ग्रॅम तिथेच कोंबता आले असं समजू. कोन होतो ६१ अंश. पहिल्या वायसरने १८ अंश कमावले, दुसऱ्याने जेमतेम ८. म्हणून माझा ठोकताळा असा: प्लास्टिकच्या मिनीला तिच्याच वजनाएवढं वजन तळाशी घातलं की पुरे. त्यापुढचा खटाटोप हौसेचा.

३. रुपयाचं नाणं चिकटवलं तर? घरात पडलेली असतात.

मापाने बसतं. २०१९ पासूनचा एक रुपया २० मिलिमीटर रुंद आणि तीन ग्रॅमच्या किंचित वर. चुंबकालाही चिकटतो. पण चालू नाणं गोंदात बुडवून ठेवणं मला रुचत नाही. शिवाय कमी जागेत बसावं म्हणून काही जण नाणं कापायला निघतात, ते तर मुळीच करू नका. नाणे कायदा, २०११ प्रमाणे नाणं वितळवायला किंवा नष्ट करायला बंदी आहे आणि शिक्षा तुरुंगवासाची आहे.

चालू नसलेलं नाणं हवंच असेल तर गेंड्याची पावली (गेंडा छापलेलं पंचवीस पैशांचं नाणं) शोधा. पंचवीस पैसे आणि त्याखालची नाणी ३० जून २०११ पासून चलनातून गेली. स्टीलची ती पावली १९ मिलिमीटरची, पावणेतीन ग्रॅमच्या आसपास, आणि २५ च्या बेसखाली अशी बसते की जणू त्यासाठीच पाडली होती. मी सुरुवातीला आजीच्या डब्यातल्या आठ वापरल्या. त्याबद्दल पुढे बोलणी खाल्ली (प्रश्न १९).

४. मग हार्डवेअरच्या दुकानात नक्की काय मागू?

वायसर. वॉशर म्हणालात तरी समजतं. एम१० मागाल तर साधारण २० मिलिमीटर रुंद, २ मिलिमीटर जाड, साडेतीन ग्रॅमचा मिळतो. २५ च्या बेसला हाच. ३२ च्या बेसला एम१२, २४ मिलिमीटर रुंद आणि सहा ग्रॅमच्या थोडा वर. ४० च्या बेसला एम१६, ३० मिलिमीटर रुंद, ११ ग्रॅमच्या आसपास. एम म्हणजे भोकातून जाणाऱ्या बोल्टचं माप, वायसरची रुंदी नव्हे, हे लक्षात असू द्या.

हे आकडे प्रमाणित मापाचे आहेत. दुकानात येतो तो माल कधी पातळ, कधी कडेला धार असलेला असतो. म्हणून रिकामा बेस खिशात घालून जा आणि काउंटरवरच बसवून बघा. म्हापशाच्या एका दुकानात मी पहिल्यांदा गेलो तेव्हा दुकानदाराने विचारलं, "बोल्ट केवढा?" म्हटलं, बोल्ट नाहीच. त्याने माझ्याकडे पाहिलं, मग बेसकडे, मग पुढ्यातल्या वाटीत बोट फिरवून एक वायसर काढून स्वतःच दाबून बसवला. टक्क आवाज झाला. "हाच. किती किलो?" तिथे वायसर वजनावर मिळतात. मी दोनशे ग्रॅम घेतले आणि त्यात आमच्या चौघांच्या फौजा उभ्या राहिल्या.

बसवताना वायसर बेसच्या कडेखाली जराही बाहेर येता कामा नये. बाहेर आला तर मिनी वायसरवर डुगडुगते, म्हणजे होती त्याहून वाईट. जुन्या पद्धतीच्या बेसला मधोमध खाच असते आणि मिनीच्या पायाची पट्टी त्यातून खाली डोकावते. ती पट्टी वायसरच्या भोकात मावते का बघा. मावत नसेल तर पट्टी दोन्ही टोकांनी कापून मध्ये बोटाच्या नखाएवढीच ठेवा.

५. स्टेनलेस घेऊ की साधं लोखंड? गोव्यात सगळंच गंजतं.

खरंय. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस आणि वर खारी हवा. पण इथे एक मेख आहे. मासेमारीच्या धक्क्यांजवळ, उदाहरणार्थ मालीमला, बोटींसाठी मिळणारं स्टेनलेस बहुधा ३०४ किंवा ३१६ जातीचं असतं. ते गंजाला दाद देत नाही, पण त्याला चुंबकही धरत नाही. तुम्ही पेटीत चुंबकावर मिनी उभ्या करणार असाल (प्रश्न १०) तर ते निरुपयोगी. शहरातल्या दुकानात साधा वायसर मागितला की जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी मिळतो. तो चुंबकाला चिकटतो आणि मुलामा शाबूत असेतो तग धरतो.

माझं मत: साधा घ्या, बसवल्यावर खालून वार्निशचे किंवा उरलेल्या प्रायमरचे दोन हात द्या. समुद्राला लागून राहता, चुंबक नको आणि एकदाच काय ते काम संपवायचंय, तर स्टेनलेस.

६. कोणता गोंद लावू?

आधी वायसर धुवा. कारखान्यातून येताना त्याच्यावर तेलाचा हात असतो आणि गोंद सुटण्याचं पहिलं कारण तेच. भांड्यांच्या साबणाने धुवायचे, पुसायचे, उन्हात वाळवायचे, मग एका बाजूने पॉलिश पेपर मारायचा. नेलपॉलिश रिमूव्हरने पुसलात तरी उत्तम, पण मिनीपासून लांब. त्यातलं अॅसिटोन पॉलिस्टायरीन विरघळवतं.

सुपरग्लू लगेच धरतो आणि लहान मिनीला पुरतो. मात्र तो कडक आणि ठिसूळ. मिनी टेबलावरून फरशीवर पडली की वायसर टणकन सुटून कपाटाखाली जातो. मोठ्या बेसला दोन नळ्यांचं एपॉक्सी लावा, म्हणजे अॅराल्डाइटसारखं. रात्रभर थांबावं लागतं, पण मग निघता निघत नाही. नळाच्या गळतीला लावतात ती एमसीलची कणीक मला सगळ्यात आवडते. ती वायसरभोवतीची फट भरते, स्वतः प्लास्टिकपेक्षा जड असते आणि ओल्या बोटाने सपाट करता येते. प्लास्टिकच्या मॉडेलचा गोंद इथे चालत नाही, कारण तो प्लास्टिक विरघळवून जोडतो आणि लोखंडाला विरघळणं माहीत नाही.

सुतारकामाचा पांढरा गोंद टाळा. तो पाण्यातला आहे, आणि बेस व वायसर यांच्या मधलं पाणी बाहेर जायला वाट नसते. मी पहिल्या वर्षी जुलैत बारा मिनी तशा चिकटवल्या. चवथीला पेटी उघडली तर पेटीच्या पांढऱ्या फोमवर बारा तांबूस कडी उमटलेली, आणि चार वायसर नुसत्या बोटाने निघाले. गरम गोंदाची बंदूक असेल तर ती तात्पुरत्या कामाला ठीक. मे महिन्यात उन्हात लावलेल्या गाडीत पेटी राहिली की तो मऊ पडतो.

७. पावसाळ्यात सुपरग्लू लावला आणि मिनीच्या पायांवर पांढरी बुरशी आली. काय चुकलं?

ती बुरशी नाही. सुपरग्लू हवेतल्या ओलाव्याने घट्ट होतो. ओलावा जास्त असेल तर त्याची वाफ बाहेर पडून आजूबाजूला बसते आणि तिथेच पांढरी पूड होते. थेंब मोठा असेल आणि बेस उपडा ठेवून कोंडला असेल तर हमखास. टाचणीच्या टोकाएवढा गोंद लावा, पंख्याच्या झुळकीत ठेवा, आणि मिनी रंगवायच्या आधीच हे उरका. आलेली पूड तेलाच्या बोटाने पुसट होते. उरली तर वर वार्निश.

नळी टोकाला कायम बंद पडते, त्याचं कारणही ओलावाच. झाकण लावून, हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुडीसह फ्रीजमध्ये ठेवा. बाहेर काढल्यावर लगेच उघडू नका. नळी खोलीच्या तापमानाला येऊ द्या, नाहीतर आतच दव धरतं.

८. बाबांच्या गळाच्या पेटीत शिसं भरपूर आहे. ते तर लोखंडापेक्षा जड!

जड आहे हे खरं. शिशाची घनता ११.३, लोखंडाची ७.८. तरीही नको. शिसं विषारी आहे, मऊ असल्याने हाताला लागतं, आणि खेळताना आपण त्याच हाताने फरसाण खातो. घरात लहान मूल असेल तर प्रश्नच मिटला. वितळवून बेसमध्ये ओतायचा विचार कुणी करत असेल तर स्वयंपाकघरात तर सोडाच, कुठेच करू नका.

एक तांत्रिक कारणही आहे, ते पटकन लक्षात येत नाही. शिशाचे बारीक गोळे पांढऱ्या गोंदात बसवले तर काही वर्षांत शिसं खराब होऊन फुगतं. रेल्वेची मॉडेलं करणाऱ्यांनी हे सोसलंय, त्यांच्या इंजिनांच्या भिंती आतून उकललेल्या आहेत. जुन्या काही धातूच्या मिनींमध्येही शिसं असतं. त्या वापरायला हरकत नाही. रंग आणि वार्निश शाबूत ठेवा, घासताना धूळ उडवू नका, हात धुवा. खरोखर जडच हवं असेल तर टंगस्टन, घनता १९.३, आणि किंमतही त्याच तोऱ्यात.

९. छर्रे, वाळू, खनिजाची पूड यातलं काही चालेल का?

सायकलवाल्याकडचे छर्रे झकास. पाव इंची छर्रा साधारण एक ग्रॅमचा, त्यामुळे मोजायला तराजू लागत नाही. ५० किंवा ६० मिलिमीटरच्या खोल बेसमध्ये एपॉक्सीत बसवा. आधी ग्रीस धुवा. पण गोल वस्तूंच्या मध्ये फटी राहतात, म्हणून तेवढ्याच जागेत सपाट वायसर जास्त वजन देतो. जागा वेडीवाकडी असेल तिथेच छर्रे.

टायरवाल्याकडे चाकाच्या बॅलन्सिंगसाठी पाठीला चिकटपट्टी असलेली पाच-दहा ग्रॅमची वजनं मिळतात. मोठ्या बेसला तीही छान. चुंबक लावून बघा: धरला तर लोखंड, नाही धरला तर शिसं असू शकतं.

वाळू वजनासाठी कुचकामी, आणि समुद्राची वाळू तर वरच्या सजावटीलाही न धुता नको. तिच्यातलं मीठ हवेतलं पाणी ओढतं आणि खालचा वायसर गंजवतं. बादलीत गोड्या पाण्याने चार-पाच वेळा धुवून वाळवली तर सजावटीला वापरा.

लोहखनिजाबद्दल डिचोली-सत्तरीच्या खाणपट्ट्यातून विचारणा होतेच. दगड जड आहे, पण त्याची पूड भरली की निम्मी हवाच भरली जाते. हात, टेबल, टाइल सगळं लाल होतं ते वेगळं.

१०. वजनाऐवजी चुंबकच लावला तर?

वजन आणि चुंबक यांची कामं वेगळी. बटणाएवढा निओडिमियम चुंबक जेमतेम एखाद्या ग्रॅमचा असतो. लाकडी टेबलावर तो मिनीला उभं ठेवत नाही. त्याचा उपयोग पत्रा लावलेल्या पेटीत किंवा पत्र्याच्या पटावर. उलटंही करता येतं: बेसमध्ये लोखंडी वायसर, आणि पेटीच्या तळाला चिकटणारं चुंबकी रबर. माझी पेटी तशीच आहे, कारण त्यात एका खर्चात दोन कामं होतात. रबराची ओढ हलकी असते, तेही बरंच. एकाकडे जोरदार चुंबक होते. त्याने मिनी उचलली तर बेस पेटीतच राहिला आणि हातात आले नुसते घोट्यापासून वरचे.

लहान मुलांच्या घरात सुटे निओडिमियम चुंबक ठेवू नका. दोन गिळले गेले तर ते आतड्याच्या दोन पदरांना मध्ये चिमटून एकमेकांना धरतात आणि शस्त्रक्रियेची वेळ येते. पेसमेकर असलेल्या माणसापासूनही ते दूर.

११. माझी मिनी पुढे झेपावलेली आहे. वजन मागच्या बाजूला घालू ना?

वाटतं तसं, पण हिशेब वेगळं सांगतो. प्रश्न २ मधलीच मिनी घ्या आणि तिचा गुरुत्वमध्य ५ मिलिमीटर पुढे सरकवा. आता ती पुढच्या बाजूला २३ अंशांतच पडते. मागे सरकवता यावा म्हणून छोटा एम८ वायसर घातला (पावणेदोन ग्रॅमच्या जरा वर, ३ मिलिमीटर मागे) तर कोन होतो साधारण ४१. मोठा एम१० मधोमध घातला तर ४७. म्हणजे मागे सरकवलेल्या हलक्यापेक्षा मधला जड बरा. एम१० घालून त्याच्या मागच्या फटीत एमसील दाबली तर अजून बरं.

सगळ्यात उत्तम उपाय फुकट आहे. मिनी बेसला चिकटवायच्या आधी तिला दोन बोटांत सैल धरून बघा, तिचा तोल कुठे आहे ते कळतं. तो बिंदू बेसच्या मध्यावर आणा, भले पाय मागच्या कडेला गेले तरी चालेल. पाय मधोमध असलेच पाहिजेत असा कुठे नियम नाही.

१२. उडणारा प्राणी पारदर्शक काडीवर आहे. वायसर घालूनही कलंडतो.

काडीने गुरुत्वमध्य उंच नेला की वजन एकटं पुरत नाही. समजा सहा ग्रॅमचा प्राणी, गुरुत्वमध्य ६० मिलिमीटरवर, बेस ३२ चा. १५ अंशांत पडतो. एम१२ वायसर घातला तर २७. वायसर न घालता बेसच ६० मिलिमीटरचा केला तरीही २७ च्या आसपास! दोन्ही केलंत तर ४४. काडी छोटी करता येत असेल तर आधी ती करा. हवेत तरंगतोय हे दाखवायला चार बोटांची उंची लागत नाही.

१३. धातूची मिनी तर आधीच जड, मग ती का पडते?

कारण तिचं वजन वर आहे. वीस ग्रॅमच्या मिनीखाली साडेतीन ग्रॅमचा वायसर म्हणजे हत्तीच्या पायात पैंजण. कोन ३८ वरून ४२ होतो. त्यापेक्षा तिला २५ ऐवजी ३२ च्या बेसवर चढवा, ४५ मिळतात. बेसचं माप बदलायचं नसेल तर प्रश्न १७ वाचून ठरवा.

१४. लेसरने कापलेले एमडीएफचे (दाबलेल्या लाकडी भुशाच्या फळीचे) बेस आहेत, खाली पोकळी नाही. वायसर कुठे घालू?

दोन थरांचा बेस करा. वरची चकती अखंड, खालच्या चकतीला मध्ये वायसरएवढं भोक. दोन्ही चिकटवल्या की पोकळी तयार. कापून देणाऱ्याला भोकाचं माप वायसरपेक्षा अर्धा मिलिमीटर जास्त सांगा. नाहीतर पत्र्याची चकती थेट खाली लावा आणि टेबलाला ओरखडे पडू नयेत म्हणून तिला फेल्ट. एमडीएफ पावसाळ्यात कडेने फुगतं, म्हणून कडांना आधी वार्निश पाजा.

१५. थ्रीडी प्रिंट केलेल्या मिनीत छपाईतच वजन टाकता येतं का?

प्लास्टिकची तार वितळवून थर देणाऱ्या प्रिंटरमध्ये येतं. फाइलमध्ये बेसच्या पोटात वायसरची जागा ठेवा, चहूबाजूंनी पाव मिलिमीटर मोकळी. तिच्यावरचा थर सुरू होण्याआधी छपाई थांबवा, वायसर ठेवा, पुढे चालू करा. वायसर पृष्ठभागाच्या वर आला तर नोझल त्याला धडकतं, म्हणून बोट फिरवून खात्री करा. पीएलएच्या (त्या तारेचं नेहमीचं प्लास्टिक) मिनी साठ अंशांच्या आसपास मऊ पडतात, तेव्हा गाडीबद्दल प्रश्न ६ मध्ये लिहिलंय ते त्यांनाही लागू.

रेझिनच्या (प्रकाशाने घट्ट होणाऱ्या द्रवाच्या) पोकळ मिनीची गोष्ट निराळी, आणि इथे लोक फसतात. पोकळीत कच्चं रेझिन उरलेलं असतं. त्यावर वजन घालून भोक बुजवलं तर काही आठवड्यांनी मिनी तडकते आणि चिकट द्रव बाहेर येतो. आधी आतून नीट धुवा, वाळवा, आतपर्यंत अतिनील प्रकाश पोचवून पक्की करा. मगच वजन. आणि शक्यतो ते पोटात नको, बेसमध्येच. पोटात भरलेलं वजन गुरुत्वमध्य फारसा खाली आणत नाही.

१६. मिनी रंगवून झालीय. आता खालून वजन घालताना रंग खराब होईल?

मिनीला उलटी करून भाताच्या वाटीत उभी करा. कच्चे तांदूळ, शिजलेला भात नव्हे (हे एकाने खरंच विचारलं होतं). तांदळात ती न दुखावता स्थिर राहते. सुपरग्लू नको, कारण प्रश्न ७ मध्ये आहे. एपॉक्सी लावा आणि सकाळपर्यंत हात लावू नका.

१७. स्पर्धेत वजन घातलेली मिनी चालते का?

बेसखाली दडलेल्या वजनाला कुणी हरकत घेतलेली मी पाहिलेली नाही. बेसचं माप बदलणं मात्र वेगळं: पुष्कळ खेळांत अंतर बेसच्या कडेपासून मोजतात, त्यामुळे मोठा बेस म्हणजे खेळातला बदल. आयोजकाला आधी विचारा. घरच्या टेबलावर समोरचा हो म्हणाला की झालं.

१८. वजन घातल्यापासून मिनी टेबलावर पडत नाही, पण खाली पडली की मोडते. हे कसं?

अगदी बरोबर निरीक्षण. पूर्वी तीन ग्रॅमची मिनी फरशीवर आपटून उसळायची. आता तिच्या पायाला तेवढंच लोखंड बांधलंय. बेस एकीकडे जातो, अंग दुसरीकडे, आणि घोटा तुटतो. बारीक पायांच्या मिनीला चिकटवतानाच पायातून बेसमध्ये तारेचा तुकडा घाला. मोठी टाचणी कापून घेतली तरी चालते. कदंबाच्या (गोव्याच्या सरकारी) बसने पेटी नेत असाल तर ती मांडीवर, आणि मिनी फोमच्या खाचेत आडव्या.

१९. चिकटवलेलं वजन परत काढायचंय. कसं?

सुपरग्लू असेल तर मिनी पिशवीत घालून दोन तास फ्रीझरमध्ये ठेवा. थंडीने गोंद अधिक ठिसूळ होतो, आणि धातू व प्लास्टिक वेगवेगळ्या मापाने आकसतात, त्यामुळे जोड आतून ढिला पडतो. बाहेर काढून लगेच बोथट सुरीचं टोक कडेला घालून पिळा, टक्कन सुटतं. एपॉक्सी असेल तर हे क्वचितच जमतं. बेसच बदला, सोपं पडेल. अॅसिटोन वापरू नका (प्रश्न ६).

आजीला तिच्या डब्यातल्या पावल्या कमी झाल्याचं कळलं तेव्हा मला हाच उद्योग करावा लागला. "पैशे चलनात्ले नसतीत, पण म्हजे आसात," (चलनातले नसतील, पण माझे आहेत) एवढंच ती म्हणाली. आठांपैकी सात सुटल्या. आठवी एका बुटक्या योद्ध्याखाली एपॉक्सीत बसलेली होती, ती निघाली नाही. आजीने तो योद्धाच पावलीसकट डब्यात ठेवून घेतलाय.